वसईचे वाचन, गुम्मिडिपूंडीचा अर्थ

कॅथलिक चर्चमध्ये रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा, हे तिथला धर्मगुरू ठरवत नाही. ते आधीच ठरलेले असते आणि जगभर बहुतेक ठिकाणी एकच असते. यंदाच्या उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी, १ मार्चला, वसईत मराठीतून जे पहिले वाचन झाले तेच चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या बाजूला तमिळमधून झाले. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या बाराव्या अध्यायाची ती सुरुवात आहे. अब्राहामाला, म्हणजे तेव्हाच्या अब्रामाला, देवाची आज्ञा होते: देश, गोत आणि बापाचे घर मागे टाकून निघायचे, कुठे पोचायचे ते पुढे दाखवले जाईल. चार वचनांचा मजकूर. वाचायला मिनिटभरही लागत नाही.

वसईत ही वचने ऐकणाऱ्या पुष्कळांच्या नावावर पणजोबांची वाडी असते, विहीर असते, सातबारा असतो. अब्राहामाचे निघणे त्यांच्यासाठी श्रद्धेचा धडा असतो. गुम्मिडिपूंडीत हेच शब्द कानांवर पडतात तेव्हा ऐकणाऱ्यांत देश, गोत आणि बापाचे घर खरोखर मागे टाकून आलेली माणसे असू शकतात. चेन्नई सेंट्रलशेजारच्या मूर मार्केटच्या फलाटावरून सुटणारी लोकल तिरुवोट्रियूर, एन्नोर, मिंजूर, पोन्नेरी करत जिथे थांबते ते हे गाव. तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, आंध्रच्या हद्दीला लागून. बाहेरच्यांना ते सिपकॉट औद्योगिक वसाहतीमुळे माहीत असते. पण श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची तमिळनाडूतल्या मोठ्या छावण्यांपैकी एक छावणीही याच गावात आहे.

उपवासकाळातल्या वाचनांबद्दल मराठीत जे लिहिले जाते त्यात मनाची शुद्धी, पश्चात्ताप, जिभेवर ताबा यांचा भाग मोठा असतो. तो खोटा नाही. पण वाचने ओळीने लावून पाहिली की त्यांत एक सलग सूत्र दिसते आणि ते फारसे बोलले जात नाही. ही वाचने ऐकणाऱ्याला सांगत राहतात की तू कधीकाळी उपरा होतास. आता तुझ्या दाराशी उपरा आला आहे, त्याचे काय करणार ते सांग. गुम्मिडिपूंडीचा विचार मनात ठेवून ती वाचली तर हे सूत्र नजरेआड करता येत नाही.

आधी ही व्यवस्था काय आहे ते सांगायला हवे, कारण बिगर-ख्रिस्ती वाचकाला ती सहसा माहीत नसते. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. यंदा तो दिवस १८ फेब्रुवारीला आला. तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवस मोजतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे आणि रविवारची वाचने दर वर्षी तीच असत. जुन्या करारातले उतारे तर त्यांत क्वचितच येत. परिषदेने १९६३ मध्ये उपासनेच्या सुधारणेचा दस्तऐवज मंजूर केला, लोकभाषांना वाव दिला आणि बायबलचे भांडार भाविकांपुढे अधिक उघडावे असे सांगितले. त्यातून १९६९ साली नवा वाचनक्रम आला. त्यात रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आहे: अ वर्षात मत्तय, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक, योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः उपवासकाळ आणि पास्काकाळासाठी, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांसाठी, राखलेले. प्रत्येक रविवारी तीन वाचने आणि मध्ये एक स्तोत्र. यंदाचे वर्ष अ आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांचे वाचनक्रम वेगळे असले तरी त्यांतल्या बऱ्याच क्रमांवर या रचनेची छाप आहे.

आता वाचनांकडे येऊ. राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी, म्हणजे उपवास सुरू होऊन दोन दिवस होतात न होतात तोच, यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय येतो. संदेष्टा उपवास करणाऱ्यांनाच धारेवर धरतो. तुम्ही उपाशी राहता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता. मान लववून, गोणपाट नेसून, राखेत बसून काय साधणार? देवाला हवा असलेला उपवास म्हणजे जाचातल्यांना सोडवणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणे, बेघराला घरात घेणे. पुढच्या सोमवारी मत्तयाचा पंचविसावा अध्याय. शेवटच्या निवाड्याचे ते दृश्य पुष्कळांना ठाऊक असते. त्यात न्यायाधीश कुणाची प्रार्थना मोजत नाही, व्रते मोजत नाही. भुकेले, तहानेले, परके, उघडे, आजारी, तुरुंगातले अशा सहा प्रकारच्या माणसांशी तुम्ही कसे वागलात एवढेच विचारले जाते. आणि तो परका मीच होतो असे राजा सांगतो. उपवासकाळाचा पहिला पूर्ण आठवडा सुरू होतो आहे तोच ही दोन वाचने समोर ठेवणाऱ्यांना काय साधायचे होते, ते वेगळे सांगायला नको.

क वर्षातल्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे गेल्या वर्षी, वाचलेला अनुवादाच्या पुस्तकातला उतारा आम्हाला या सगळ्यांत मोलाचा वाटतो. सुगीचा शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन मंदिरात येतो. टोपली ठेवताना त्याने काय बोलायचे ते शास्त्राने ठरवून दिले आहे. आपला पूर्वज एक भटका अरामी होता, मूठभर माणसांनिशी तो मिसरात गेला, तिथे परका म्हणून राहिला, तिथल्यांनी छळले, देवाने सोडवले, आणि म्हणून आज ही टोपली, असे त्याला सांगावे लागते. त्याच्या शेतात धान्य पिकले आहे, घर आहे, गाव आहे. तरीही दर वर्षी त्याने स्वतःच्या तोंडाने आपल्या घराण्याचे भटकेपण कबूल करायचे. आणि रविवारच्या वाचनात येत नाही ते पुढचेच वचन सांगते की या सुगीच्या आनंदात मंदिरसेवक लेवी आणि तुमच्यात राहणारा परका या दोघांनाही वाटेकरी करा. ते एक वचन वाचनात आले असते तर बरे झाले असते.

यंदा ८ मार्चला, तिसऱ्या रविवारी, शोमरोनी स्त्रीची कथा होती. योहानाच्या चौथ्या अध्यायातला हा संवाद फार लांब आहे. भर दुपार. याकोबाच्या विहिरीवर दमून बसलेला येशू एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. ती चकित होते. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला शिवत नाही, हे तिला पक्के माहीत आहे. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्या भाषेत लिहिला गेला, त्या भाषेच्या वाचकाला या भांड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण कथेचा शेवट सहसा प्रवचनांत हरवतो. बाई गावात जाते, गावकरी येतात आणि या परक्या यहुदी माणसाला आमच्याकडे राहा म्हणून विनवतात. तो दोन दिवस राहतो. पाणी मागणारा परका, देणारी त्याहून परकी, आणि शेवटी ज्यांना अपवित्र मानले त्यांच्याच घरी मुक्काम. २२ मार्चच्या पाचव्या रविवारी यहेज्केलाच्या ज्या तीन वचनांचे वाचन झाले, तीही परागंदा झालेल्यांनाच उद्देशून आहेत. बाबेलच्या बंदिवासात असलेल्या लोकांना संदेष्टा सांगतो की देव तुमच्या कबरी उघडील आणि तुम्हाला तुमच्या भूमीत परत नेईल.

मराठीला हे सूत्र परके नाही. मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथच एका परदेशी माणसाने लिहिला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. बायबलची कथा त्याने ओवीत सांगितली, कारण ऐकणाऱ्यांचा कान ओवीवर घडला होता. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की जुनी पुराणे तर आम्हाला बंद झाली, त्यांच्या जागी आमच्या भाषेत काहीतरी द्या. त्या मागणीतली पोकळी स्टीफन्सला कळली होती. गोव्यातले धर्मांतर सरळ आणि निर्मळ होते असे आम्ही म्हणत नाही. पण परक्याने दुसऱ्याच्या भाषेत राहायला शिकणे आणि त्या भाषेने त्याला राहू देणे, हे त्या पोथीत घडले आहे.

तरीही मराठीतले या वाचनांचे सर्वांत खरे भाष्य एका आयुष्यात सापडते. ते पंडिता रमाबाईंचे आयुष्य. यंदाचा ईस्टर ५ एप्रिलला आहे आणि तोच रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा ईस्टर १६ एप्रिलला होता. म्हणजे त्यांचे जाणे उपवासकाळातच झाले.

अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे वडील. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून समाजाशी त्यांचे बिनसले आणि पुढे सारे कुटुंब तीर्थे फिरत, पुराणे सांगत, मिळेल त्यावर जगत दक्षिणेत हिंडत राहिले. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. याच तमिळ-तेलुगू मुलखात रमाबाईंनी आधी वडील, मग आई, मग बहीण गमावली. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, शेकडो मैल चालत अखेर कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती म्हटले. नंतर विवाह, वैधव्य, विलायत, १८८३ मधला बाप्तिस्मा, मुंबईतले आणि पुण्यातले शारदा सदन. हा क्रम पुष्कळांना माहीत आहे. आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते १८९६-९७ च्या दुष्काळाकडे. मध्य प्रांतात माणसे मरत होती. रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले ते त्यांच्यासाठी. पुढे १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना खाऊ घालण्याची ऐपत त्यांच्याकडे नव्हती. हिशेब मांडून बसल्या असत्या तर हे काम सुरूच झाले नसते. मद्रास इलाख्यातल्या रस्त्यावर भुकेली फिरलेली मुलगी त्यांच्या आत जिवंत होती, आणि तिला यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाचा अर्थ कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. रमाबाई कॅथलिक नव्हत्या, वर सांगितलेला वाचनक्रम तर त्यांच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी आला. तरी टोपली घेऊन उभा राहिलेला शेतकरी जे बोलतो ते त्यांनी जगून दाखवले. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक मूळ संहिता समोर ठेवून, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका-मुली होत्या. पूर्ण बायबल छापून आले ते रमाबाईंच्या पश्चात, १९२४ मध्ये.

आता गुम्मिडिपूंडी. जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांवर हल्ले झाले आणि पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून होड्या रामेश्वरच्या किनाऱ्याला लागू लागल्या. १९९० मध्ये युद्ध पुन्हा पेटल्यावर आणखी मोठा लोंढा आला. मंडपमच्या छावणीत नोंदणी होई आणि तिथून माणसे राज्यभरातल्या छावण्यांत वाटली जात. त्यांच्यात हिंदू जास्त, पण ख्रिस्तीही पुष्कळ. उत्तर श्रीलंकेतल्या मन्नारच्या पट्ट्यात कॅथलिकांची जुनी वस्ती आहे. मन्नारजवळचे मडूच्या मातेचे देवस्थान युद्धाच्या काळात विस्थापितांचा आसरा बनले होते. २००८ मध्ये लढाई अगदी दाराशी आली तेव्हा मातेची मूर्तीही तिथून हलवावी लागली. त्या मूर्तीपुढे नवस बोललेली माणसे आज तमिळनाडूतल्या छावण्यांत म्हातारी होत आहेत.

२१ मे १९९१ रोजी चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि या लोकांकडे पाहण्याची नजर बदलली. संशय, पाळत, हजेरी वाढली. हे समजण्यासारखे होते. शेजारच्या देशातले यादवी युद्ध आपल्या भूमीवर येऊन एका माजी पंतप्रधानाचा बळी घेते तेव्हा कुठलेही सरकार सावध होईल. पण सावधपणाची मुदत किती, हा प्रश्न उरतोच. ते युद्ध २००९ मध्ये संपले. २०२१ मध्ये राज्यातल्या शंभराहून अधिक छावण्यांत मिळून सुमारे ५८ हजार माणसे राहत होती. बाप्ये रंगकामाला, बांधकामावर, मिळेल त्या मजुरीला जातात. राज्य सरकार तांदूळ आणि महिन्याची रोख मदत देते. २०२१ मध्ये ती वाढवून कुटुंबप्रमुखाला १५०० रुपये, इतर प्रौढांना १००० आणि मुलांना ५०० करण्यात आली. त्याच वर्षी ‘निर्वासित छावणी’ हे नाव बदलून ‘श्रीलंकन तमिळ पुनर्वसन छावणी’ करण्यात आले. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी विधानसभेत ही घोषणा केली, नवी घरे मंजूर झाली. तमिळनाडूच्या आजवरच्या सरकारांना याचे श्रेय द्यायलाच हवे. पक्ष बदलले तरी चार दशके आश्रय कायम राहिला, आणि मुले शाळा-कॉलेजांत शिकली.

अडते ते नागरिकत्वाशी. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक असतो. त्यानंतर जन्मलेल्याचे आई किंवा वडील भारतीय असावे लागतात, आणि डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. होडीतून आलेल्याकडे पासपोर्ट नव्हता. म्हणून कायद्याच्या भाषेत तो बेकायदा स्थलांतरित, आणि बेकायदा स्थलांतरिताला नागरिकत्वाचा अर्जही करता येत नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या काही धर्मांच्या लोकांना यातून वाट दिली. श्रीलंकेचे नाव त्यात नाही, आलेले हिंदू असोत की ख्रिस्ती. छावण्यांतल्या काही कुटुंबांचे पूर्वज तर इंग्रजांनी मळ्यांवर नेलेले भारतीय मजूर. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने ज्यांची मोजणी आणि वाटणी केली, त्यांच्यातले.

थोडी हालचाल झाली आहे. मंडपमच्या छावणीत १९८६ मध्ये जन्मलेल्या एका स्त्रीला पासपोर्ट देण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिने मत दिले. सप्टेंबर २०२५ पासून केंद्राने ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या शिक्षेतून सूट दिली. त्याआधी मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळाच्या प्रकरणात, भारत ही धर्मशाळा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने बोलून दाखवले होते. शिक्षेतून सूट मिळाली म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. छावणीत जन्मून, तमिळनाडूच्या शाळेत शिकून, श्रीलंका कधीही न पाहिलेली तिशीतली माणसे अजून परकी म्हणूनच नोंदली जातात.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नागरिकत्वाचा प्रश्न राज्यघटनेचा. त्यात धर्मग्रंथ आणायचे कारण काय? कारण नाहीच. कुणाच्याही शास्त्रावरून भारताने कायदे करू नयेत, ख्रिस्ती शास्त्रावरूनही नाही. शास्त्राचे वाचन ऐकणाऱ्याला घडवते, एवढाच त्याचा अधिकार. आणि ते नेहमी चांगलेच घडवते असेही नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वाचले जाणारे योहानाचे दुःखसहनाचे वर्णन शतकानुशतके युरोपात यहुद्यांविरुद्ध वापरले गेले. उपरा कोण हे ठरवून त्याच्यावर येशूच्या रक्ताचा आळ घालण्यासाठी त्याच शब्दांचा आधार घेतला गेला. १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’ या दस्तऐवजात चर्चला हे स्पष्ट नाकारावे लागले. तेव्हा वाचन पुरेसे नसते. ते कोण ऐकतो आणि कुणाला बाहेर ठेवून ऐकतो, हेही पाहावे लागते.

पवित्र गुरुवारी ही परीक्षा सर्वांसमोर होते. त्या संध्याकाळी योहानाचा तेरावा अध्याय वाचतात: येशू कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. मग धर्मगुरू तसेच करतो. बारा खुर्च्या मांडलेल्या असतात, एकेक पाय पुढे येतो, तांब्याने पाणी ओततात, पुसतात. कुणाचे पाय, हा प्रश्न कितीतरी काळ चर्चने आपल्यातले पुरुष एवढ्यावर सोडवला होता. २०१६ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि त्याच वर्षी २४ मार्चला रोमजवळच्या एका आश्रयकेंद्रात जाऊन निर्वासितांचे पाय धुतले. त्यांत मुसलमान होते, एरिट्रियातल्या कॉप्टिक स्त्रिया होत्या, आणि भारतातून गेलेला एक हिंदू तरुणही होता. गेल्या वर्षी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी फ्रान्सिस गेले. त्यांची अनेक मते वादग्रस्त ठरली. त्या दिवशीच्या कृतीने मात्र तेराव्या अध्यायाचा अर्थ लावण्यात कसूर ठेवली नाही.

शनिवारी रात्री, ईस्टरच्या जागरणात, चर्चमधले दिवे मालवतात. बाहेर पेटवलेल्या नव्या अग्नीवरून पास्काची मोठी मेणबत्ती लावतात, ती अंधारातून आत येते आणि तिच्यावरून लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटत जातात. मग वाचने. पूर्ण केली तर नऊ, त्यांतली सात जुन्या करारातली. अडचण असेल तर काही गाळायची मुभा आहे. मात्र निर्गमाचा चौदावा अध्याय कधीच गाळायचा नाही असा नियम आहे. दासांचा एक जमाव रात्री समुद्र ओलांडून पळतो, त्याची ही गोष्ट. पाल्कच्या सामुद्रधुनीतून रात्रीच्या होडीने आलेल्या माणसाला ती ऐकताना काय होत असेल याचे वर्णन आम्ही करणार नाही. तो अनुभव त्यांचा आहे. २०१९ च्या ईस्टरच्या सकाळी कोलंबो, निगोंबो आणि बट्टिकलोआच्या चर्चमध्ये आणि कोलंबोच्या हॉटेलांत बॉम्ब फुटले, २६० हून अधिक माणसे गेली. त्या दिवसापासून श्रीलंकेच्या ख्रिस्ती माणसाला ही रात्र पूर्वीसारखी राहिली नाही.

ईस्टरनंतरच्या आठवड्यातली वाचने तर उपरेपणाचा विषय थेट येशूवरच आणून ठेवतात. मंगळवारी मरीया मग्दालीया त्याला माळी समजते. बुधवारी, लूकच्या चोविसाव्या अध्यायात, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे त्याला ओळखत नाहीत. यरुशलेमात घडलेले ठाऊक नसलेला तू एकटाच परका दिसतोस, असे क्लयपा त्याला म्हणतो. संध्याकाळ होते. वाटसरू पुढे जाणार असतो, ते त्याला थांबवून घेतात, आणि भाकर मोडली जाते तेव्हा ओळख पटते. थांबवून घेतले नसते तर ती ओळख घडलीच नसती. त्यानंतरच्या रविवारी, तिन्ही वर्षांत न चुकता, थोमाची कथा. याच थोमाने येऊन चेन्नईच्या डोंगरावर देह ठेवला अशी परंपरा आहे. सांतोम आणि परंगिमलै ही दोन्ही स्थाने त्याच्या नावाने ओळखली जातात. परंपरेचा इतिहास काहीही असो, तमिळनाडूच्या ख्रिस्ती समाजाच्या आठवणीत त्याचा आद्य प्रचारक समुद्रापलीकडून आलेला आणि इथेच मातीत मिसळलेला परका आहे.

म्हणून वसईच्या, पुण्याच्या, अहिल्यानगरच्या, कोल्हापूरच्या मराठी ख्रिस्ती वाचकांना आमचे सांगणे आहे की ईस्टरची वाचने घरी पुन्हा काढावीत आणि अनुवादाचा सव्विसावा अध्याय अकराव्या वचनापर्यंत वाचावा. तो परका वाचनातून सुटला असला तरी पुस्तकात आहे. इतर मराठी वाचकांना ते पुस्तक उघडायची गरज नाही; केडगावचा माळ त्यांचाही आहे. आणि संसदेपुढे मागणी अगदी मर्यादित आहे. सगळ्यांना सरसकट नागरिकत्व द्या असे कुणी म्हणत नाही. श्रीलंकेला परतू इच्छिणाऱ्यांना सन्मानाने परतता यावे. ज्यांच्याविरुद्ध काही पुरावा आहे त्यांची चौकशी व्हावी. पण जे भारतात जन्मले आणि इथेच वाढले, त्यांच्या अर्जावरची ‘बेकायदा स्थलांतरित’ ही अट काढून टाकावी आणि एकेका अर्जाचा निर्णय ठरावीक मुदतीत करावा. नागरिकत्व कायद्यात एका कलमाची दुरुस्ती पुरेल. २०१९ मध्ये तीन देशांसाठी अशी दुरुस्ती झालीच आहे. चौथ्या देशाचे नाव त्यात घालण्यासाठी महाराष्ट्राच्या खासदारांनीही संसदेत आवाज उठवावा.